डाव्या पिळाचा फासा

वायरमन गुडघ्यांवर बसला आणि त्याने काटेरी झुडपाच्या बुंध्याशी हात घातला. तार बोटांना लागली तेव्हाच त्याला कळलं की ती नवी आहे. जुनी तार खरखरीत लागते. ही गुळगुळीत होती, मोटारसायकलच्या क्लचची, आणि तिच्यावरचं तेल अजून बोटांना लागत होतं. त्याने पिशवीतून पक्कड काढली, मुळाशी बांधलेलं टोक तोडलं, फासा बाहेर ओढला आणि गाठ उजेडात धरून पाहिली.

पीळ डावीकडचा होता.

"काका, काही सापडलं का?" मॅडमनी वीस-पंचवीस पावलांवरून विचारलं. त्या ओढ्याकाठच्या चिखलात वाकून पावलांचे ठसे मोजत होत्या.

"काही नाही. वाळकी वेल आहे," तो म्हणाला आणि फासा पँटच्या खिशात कोंबला.

सात वर्षांत तो मॅडमशी पहिल्यांदा खोटं बोलला. आणि खोटं एकदा तोंडातून गेलं की त्याच्या मागे हातपायही चालायला लागतात, तसं झालं. जनावरांसाठी मोकळ्या सोडलेल्या पट्टीचा खालच्या टोकाकडचा भाग पाहायचा राहिला होता, पण तिकडे चिखल फार आहे, उद्या बघू, असं म्हणत त्याने मॅडमना वरच्या अंगाला, टेकडीकडे नेलं. त्या काही न बोलता त्याच्यामागे निघाल्या. रानात कुठे पाय टाकायचा हे त्या सात वर्षं त्याच्यावरच सोपवत आल्या होत्या.

वायरमन हे काही त्याचं नाव नव्हतं, आणि विजेशी त्याचा काडीइतकाही संबंध नव्हता. खांद्याला पिशवी, पिशवीत पक्कड आणि परतताना हातात तारांची भेंडोळी, हे बघून कुणीतरी थट्टेने ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नवीन सुना पंखा बंद पडला की त्यालाच बोलावणं पाठवायच्या. सुरुवातीला तो समजावून सांगायचा. पुढे कंटाळला आणि पंखे दुरुस्त करायला शिकला.

या कामाआधी तीस वर्षं तो फासे काढत नव्हता, लावत होता. बापाने दोघा भावांना ते काम शिकवलं होतं. रानडुक्कर, हरण, ससा, जे चालत येईल ते. फाशातलं जनावर मेलेलंच सापडतं असं नाही. बऱ्याचदा ते जिवंत असतं, आणि आपल्याला येताना बघत असतं. आवाज होऊ नये म्हणून कुऱ्हाडीची बोथट बाजू वापरायची, ती कुठे आणि किती जोराने, हे बापाने थोरल्याचा, म्हणजे त्याचा, हात धरून शिकवलं होतं. धाकटा डावखुरा. बाप त्याच्या डाव्या हातावर काठी मारायचा, उजव्याने पिळ म्हणायचा. मार खाऊन धाकटा जेवायला उजव्या हाताने शिकला, पण तारेचा पीळ मात्र त्याचा कायम डावाच राहिला.

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा स्कूटरवरून आल्या होत्या, आणि त्यांच्याकडे एक नकाशा आणि एक कल्पना होती. टेकडी आणि नदी यांच्यामधे बावीस जणांची शेतं होती. प्रत्येकाने ओढ्याच्या बाजूने वीस पावलं रुंदीची पट्टी जनावरांना जायला-यायला मोकळी सोडायची. फासा नाही, विष नाही, कुंपणात वीज नाही. त्या शेतांतला मका वेगळ्या गोणीतून वेगळ्या बाजारात जाणार, गोणीवर अस्वलाचं चित्र. लोक हसले. पण ट्रॅक्टरवाला, जो पुढे गटाचा अध्यक्ष झाला, त्याने आधी पट्टी सोडली आणि त्याचं बघून बाकीच्यांनी. फासे कोण शोधून देईल असं मॅडमनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवलं.

त्याला वाटलं, बाई पकडून द्यायला आली. तो मागच्या दाराने निघण्याच्या बेतात होता. त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि म्हणाल्या की जागा तुम्हाला माहीत आहेत, मला फक्त चालता येतं. तो कामावर आला तो काही जनावरांच्या मायेने नाही. गुडघे दुखायला लागले होते आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळणार होता. पहिल्या आठवड्यात त्याने स्वतःचेच फासे काढले. मग दुसऱ्यांचे. कुणाचा कोणता हे तो गाठ बघून सांगायचा, आणि मॅडमनाही त्याने ते शिकवलं. दोन वेढे आणि उजवा पीळ म्हणजे मी. तीन वेढे आणि टोक आत वळवलेलं म्हणजे नदीपलीकडचा म्हातारा. धाकट्याच्या पिळाबद्दल मात्र तो कधी बोलला नाही, कारण तोवर धाकट्याने फासे लावणं सोडलं होतं, गटात सही केली होती आणि पट्टीही सोडली होती.

दुपारी तो धाकट्याच्या शेतावर गेला. धाकटा मक्यात उभा होता, म्हणजे जो उरला होता त्यात. तीन रात्री अस्वल येत होतं आणि मधला मोठा तुकडा रोलर फिरवल्यासारखा आडवा झाला होता. ताटं मोडलेली, कणसं अर्धी चावून टाकलेली. वायरमनने फासा खिशातून काढून त्याच्या पायापाशी टाकला.

धाकट्याने नाकारलं नाही. नुकसानीचा अर्ज दिला होता, पण पाहायला कुणी येईपर्यंत उरलेलंही जाईल, असं तो म्हणाला. दोन-तीन दिवसच लावणार होतो, म्हणाला. अस्वल अडकलं असतं तर काय केलं असतंस, असं थोरल्याने विचारलं, तेव्हा तो आडवं पडलेलं एक ताट उभं करायला लागला. दोघांनाही ते माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात खरेदीदारांची माणसं पाहणीला येणार होती. नियम साधा होता. एकाच्या शेतात फासा सापडला तर बावीसही जण एक हंगाम त्या बाजारातून बाहेर. कुणा एकावर नजर ठेवायला बाकीचे एकवीस असावेत, म्हणून मॅडमनीच तो तसा केला होता.

"किती लावलेस?"

"एकच."

"माझ्याकडं बघून सांग."

"दादा, एकच होता." धाकट्याने त्याच्याकडे बघून सांगितलं.

वायरमनने फासा उचलून परत खिशात घातला. ओढ्यात टाकून देऊ, असं त्याच्या मनात आलं. पण पाण्यात तार टाकू नये, पाणी प्यायला आलेल्या जनावराच्या पायात अडकते, हे त्यानेच मॅडमना सांगितलं होतं. तो घरी आला, जेवला, आणि फासा तसाच खिशात राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला ओरडा ऐकू आला.

तो पोचला तेव्हा पट्टीच्या खालच्या टोकाला पन्नास-साठ माणसं जमली होती. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत अस्वल होतं. मादी, पूर्ण वाढलेली. पुढचा डावा पंजा तारेत, आणि तारेचं दुसरं टोक एका जुन्या खोडाच्या मुळाला. ती रात्रभर त्या खोडाभोवती फिरली असावी, कारण तिथली जमीन नांगरल्यासारखी उलथली होती. पंजाच्या वरचं कातडं सोलून निघालं होतं. काही ठिकाणी ते तारेने सोललं होतं आणि काही ठिकाणी तिने स्वतःच चावलं होतं. आतलं पांढरं हाड दिसत होतं. ती ओरडायची, मग थांबून श्वास घ्यायची, तेव्हा तोंडातून लाल फेस गळायचा.

लोक दगड मारत होते. आधी लांबून, मग जरा जवळून. ज्यांचा मका गेला होता ते मारत होते आणि ज्यांचा गेला नव्हता तेही. एकाने मागच्या बाजूने जाऊन गवत उचलायचा लांब दांड्याचा लोखंडी काटा तिच्या कुशीत खुपसला. ती इतक्या झपाट्याने वळली की काट्याचा दांडा मधोमध मोडला आणि तो माणूस हातात अर्धा दांडा घेऊन पाठीवर पडला. लोक हसले. तोही हसला, पण त्याची पँट ओली झाली होती.

मॅडम लोक आणि अस्वल यांच्यामधे हात पसरून उभ्या होत्या. त्यांच्या भुवईवर दगड लागला होता आणि रक्त डोळ्यात जात होतं. बेशुद्ध करणारे डॉक्टर निघाले आहेत, दीड तास लागेल, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, शिकवणी घेतल्यासारख्या, आवाज न चढवता. वायरमन जाऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला. पुढचा दगड त्याच्या खांद्यावर बसला. मारणाऱ्याकडे त्याने पाहिलं, तो त्याचाच शाळेतला सोबती होता. हातातला दुसरा दगड त्या सोबत्याने खाली टाकला. बाकीचेही थोडे थंडावले. अध्यक्ष आला आणि त्याने दोन-चार जणांना मागे ढकललं.

निभावलं असतं. दीड तास निभावला असता.

वायरमनने सहज मक्याकडे पाहिलं आणि त्याला धाकटा दिसला. ताटांमधून पोटावर सरपटत तो खोडाकडे येत होता. डाव्या हातात पक्कड होती.

काय चाललंय ते थोरल्याला त्याच क्षणी कळलं. तार मुळाशी तोडायची. अस्वल फासा पायात घेऊन टेकडीकडे पळणार. डॉक्टर येतील तेव्हा अस्वलही नाही आणि फासाही नाही. मग पीळ कुणाचा हे कोण बघणार. ओरडावं तर अस्वल तिकडे वळेल. न ओरडावं तर तार तुटेल. त्याने हात वर करून नको नको अशी खूण केली. धाकट्याने ती पाहिली नाही, किंवा पाहिली असेल.

तार तुटल्याचा आवाज लहानसा, चट् असा झाला.

अस्वल टेकडीकडे गेलं नाही. त्याला हिसका बसला तो मागून, म्हणून ते मागे वळलं. धाकटा गुडघ्यांवर उठत होता. पहिल्या फटक्यात त्याच्या डोक्याचं कातडं कपाळापासून मागे गेलं. दुसऱ्यात तो पडला, आणि मग तिने त्याचं तोंड तोंडात धरलं.

साठ माणसं होती. सगळी पळाली. वायरमनने पळणाऱ्या एकाच्या हातातली कुऱ्हाड हिसकावली. कुठे मारायचं ते त्याला माहीत होतं, पण सात वर्षांत हात विसरला होता. पहिला घाव खांद्याच्या हाडात रुतला. कुऱ्हाड निघेना. त्याने तिच्या बरगडीवर पाय देऊन ती उपसली. तिने धाकट्याला सोडून त्याच्याकडे तोंड केलं आणि तो तिच्या श्वासाच्या वाफेत उभा राहिला. तिच्या दातांमधे त्याला भावाच्या दाढीचे केस दिसले. दुसरा घाव मानेत. ती बसली. तिसरा कानामागे, बोथट बाजूने, बापाने हात धरून शिकवला होता तसा. तो आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता.

ती धाकट्याच्या अंगावर पडली. तिला लोटायला परत आलेली पाच माणसं लागली.

धाकट्याचा एक डोळा जागेवर नव्हता. डावा गाल खालच्या जबड्यासकट लोंबत होता आणि आतून जीभ हलताना दिसत होती. त्याला शुद्ध होती. टेम्पोतून इस्पितळात जाईपर्यंत वायरमनने तो गाल तळहाताने जागेवर दाबून धरला. तासभराचा रस्ता होता. बोटांमधून ऊन ऊन रक्त वाहत राहिलं आणि प्रत्येक खड्ड्याला धाकटा त्याचं मनगट आवळत होता.

दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात अध्यक्ष आला. वाईट माणूस नव्हता तो. त्याने येताना वायरमनसाठी धुतलेला शर्ट आणला होता, कारण अंगावरचा रक्ताने कडक झाला होता. शेजारी बसून त्याने हलक्या आवाजात सगळं मांडलं. अस्वल मेलं ते जीव वाचवताना, त्याला कुणी नाव ठेवणार नाही. प्रश्न उरला फाशाचा. फासा बाहेरच्यांचा होता, डोंगरापलीकडून शिकारी येतात हे सगळ्यांना माहीत आहे. एवढंच म्हणायचं. बावीस घरांचा प्रश्न आहे, तुझ्या भावाचंही त्यात एक घर. त्याला आता पुढे किती लागणार आहे याचा विचार कर.

वायरमनने शर्ट बदलला.

बायको डबा घेऊन आली होती, तिने भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. सात वर्षांत ती त्याच्या कामाबद्दल कधी काही बोलली नव्हती. आता खिशातून काढून ठेवलेला फासा तिने पाहिला, हातात घेतला आणि परत त्याच्या मांडीवर ठेवला.

"सांगायचं असेल तर आजच सांगा," ती म्हणाली. "उद्या सांगितलंत तर तेही बनवलेलं वाटेल."

मॅडम संध्याकाळी आल्या. भुवईला टाके होते. त्यांच्या पिशवीत अहवालाचा कागद होता आणि प्लास्टिकच्या पाकिटात पंजातून काढलेली तार. त्या बाकावर बसल्या, पाकीट त्याच्या हातात दिलं.

"डावा पीळ आहे, काका. हा तुम्ही मला शिकवलेला नाही."

"माझ्या भावाचा आहे." त्याने दुसरा फासा काढून पाकिटाशेजारी ठेवला. "आणि हा कालचा. वेल नव्हती ती. मी लपवला. तुम्हाला वरच्या अंगाला नेलं ते पण मुद्दाम. खाली बघितलं असतं तर पाकिटातला हा कालच निघाला असता."

मॅडमनी कागद मांडीवर उघडला. त्यांच्याही आयुष्याची सात वर्षं त्या कागदावर होती, आणि अध्यक्ष त्यांनाही भेटून गेला होता. बाहेरच्यांचा असं लिहायला एक शब्द पुरला असता. त्यांनी पेन काढलं, टोपण लावलं, परत काढलं.

"तुम्ही म्हणाल तसं लिहीन," त्या म्हणाल्या.

"झालं तसं लिहा."

त्यांनी लिहिलं. सही केली. अस्वलाबद्दल मी तुमच्यावर रागावलेली नाही, खिशाबद्दल रागावले आहे, असं त्या उठताना म्हणाल्या आणि निघून गेल्या.

गट एक हंगामासाठी बाहेर झाला. फासा लपवणारा माणूस कामावर राहू शकत नाही, हाही मॅडमचाच नियम होता. ते पत्र त्यांनी टपालाने पाठवलं नाही. स्वतः आल्या, उंबऱ्यावर उभ्या राहून वाचून दाखवलं. त्याने पिशवी आणि पक्कड आणून त्यांच्या हातात दिली. चहा घ्याल का, असं बायकोने विचारलं. मॅडमना नाही म्हणता आलं नाही, आणि तो चहा तिघांनी उभ्यानेच, एकमेकांकडे न बघता प्यायला.

धाकट्याच्या बायकोने ही बातमी इस्पितळातच ऐकली. तिच्या मांडीवर स्टीलची वाटी होती, डॉक्टरांनी काढलेले दात तिने त्यात का ठेवले होते कोण जाणे. ती वाटी खाली न ठेवताच ती दिराला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्यांना वाचवलंत, आणि मग तुम्हीच मारलंत." त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं सोडलं.

महिन्याभराने गोदामात त्याला चौघांनी मारलं. तो गोण्या शिवायच्या रोजंदारीवर गेला होता. कुणीतरी मागून डोक्यावर रिकामी गोणी घातली आणि दार ओढून घेतल्याचा आवाज आला. कुदळीचा दांडा होता, आणि बाकी लाथा. गोणीतून त्याला फक्त त्यांचे बूट दिसत होते, पण बूट कुणाचे ते तो ओळखत होता. या लोकांच्या शेतांतून तो सात वर्षं पायांचे ठसे बघत हिंडला होता. तो ओरडला नाही. कुणी काही बोललंही नाही. फक्त एकजण मारताना रडत होता, आणि तोच सगळ्यात जोरात मारत होता. दोन बरगड्या मोडल्या आणि उजवं मनगट. पोलीस इस्पितळात आला तेव्हा वायरमनने सांगितलं की चौघं होते, चौघांना ओळखतो, आणि नावं सांगणार नाही. पोलिसाने वही मिटली. असा जबाब त्याने आधी कधी घेतला नव्हता.

धाकटा चार महिन्यांनी घरी आला. जबडा पट्टी आणि स्क्रूंनी जोडलेला, डाव्या बाजूला ओठच नाहीत, जिभेचा एक तुकडा गेलेला. दुधात कुस्करलेला पाव तेवढा खाता यायचा, तोही कुणीतरी मान मागे धरली तर. बोलायला गेला की घशातून नुसता घोगरा, ओला आवाज यायचा. बायकोला कळायचं नाही, ती दमून रडायची. मग धाकटा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. लिहून दाखव म्हणावं, तर त्याला सहीपुरतंच लिहिता येत होतं.

वायरमन रोज सकाळी यायचा. मोडलेलं उजवं मनगट नीट वळेना तोवर डाव्या हाताने, नंतर उजव्याने त्याला अंघोळ घालायचा, न फाटलेल्या बाजूची दाढी करायचा, पाव भरवायचा. भावजय दुसऱ्या खोलीत निघून जायची. पहिले काही दिवस दोघे भाऊ गप्पच असायचे. मग एकदा दाढी करताना धाकटा घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाला, आणि थोरला म्हणाला, "गरम आहे होय? थांब, गार घालतो." दारात भावजय उभी होती. तिने विचारलं, ते काय म्हणाले ते तुम्हाला कळलं? बोलणं सोडल्यानंतरचं तिचं ते पहिलं वाक्य. त्याने मान हलवली. कसं कळलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. लहानपणी एका अंथरुणात झोपलेला भाऊ तो, त्याच्या तोंडात शब्द यायच्या आधीपासून थोरला त्याचं ऐकत आला होता.

तेव्हापासून तो दोघांच्या मधे बसू लागला. धाकटा बोलायचा, हा सांगायचा. उशी उंच कर. शेळीला पाला टाकला का. त्या कोपऱ्यातलं छप्पर गळतंय. कधी कधी नवरा-बायकोचं भांडणही त्याच्यामार्फत चालायचं, आणि त्यातल्या शिव्या तो गाळायचा. भावजयीला ते कळायचं. ती म्हणायची, एवढंच नाही म्हणाले ते, आणि मग तिघांनाही हसू यायचं. धाकट्याचं हसू उजव्या बाजूनेच दिसायचं.

फाशाबद्दल, त्या दिवसाबद्दल दोघे कधी बोलले नाहीत.

हंगाम सरला. पाहणी झाली, बावीसच्या बावीस पट्ट्या स्वच्छ निघाल्या, आणि गट परत आत घेतल्याचं पत्र आलं. अध्यक्षाने रविवारी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत बैठक बोलावली. वायरमनला बोलावणं नव्हतं, पण धाकटा सभासद होता आणि त्याला एकट्याला चालवत नव्हतं. म्हणून थोरला त्याला धरून घेऊन आला आणि मागच्या बाकावर त्याच्याशेजारी बसला. गोदामातल्या चौघांपैकी तिघं समोरच होते. त्यातल्या एकाने सरकून जागा करून दिली आणि नजर दुसरीकडे वळवली.

मॅडमनी पत्र वाचलं. भुवईवरची खूण राहिली होती. मग एकेका सभासदाचं नाव पुकारून पुन्हा सह्या घेतल्या. शेवटी त्या म्हणाल्या की फासे शोधायला वर्षभरात दोन माणसं ठेवून पाहिली, दोघंही सोडून गेली. नवीन कुणी सुचवायचं असेल तर सुचवा. कुणीतरी खोकलं. अध्यक्ष टेबलावरचा कागद सरळ करत राहिला.

धाकटा उठला.

तो कुणाच्याही आधाराशिवाय उठला, हेच आधी सगळ्यांना नवल वाटलं. तोंडावर बांधलेला रुमाल त्याने सोडला. गेल्या वर्षभरात घरच्यांशिवाय त्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. पुढच्या बाकावरच्या एकाने मान खाली घातली. धाकट्याने समोरच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि बोलायला लागला. बोलणं लांबलं. घोगरे, ओले आवाज एकामागून एक निघत होते, उघड्या बाजूने लाळ गळत होती आणि मानेच्या शिरा ताठल्या होत्या. मधे एकदा थांबून त्याने श्वास घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू केलं. खोलीत कुणाला एक शब्द कळला नाही.

शेजारी बसलेल्या थोरल्याला सगळं कळत होतं. फासा मी लावला होता. दोन होते, मी दादाला एकच सांगितला. अस्वल माझ्यामुळं मेलं, तुमचं वर्ष माझ्यामुळं गेलं. मार माझ्या वाटणीचा होता, तो त्यानं खाल्ला. त्याला कामावर घ्या. त्याच्यासारखा माणूस मिळणार नाही, त्याला परत घ्या.

धाकटा थांबला. सगळ्यांच्या माना वायरमनकडे वळल्या.

"काय म्हणतोय तो?" अध्यक्षाने विचारलं.

मॅडम वायरमनकडेच बघत होत्या. तो उठला. एका हाताने त्याने भावाची पाठ धरली.

"पाणी मागतोय," तो म्हणाला.

खिडकीजवळच्या एकाने घाईघाईने माठातून पेला भरला आणि हातोहात मागे पाठवला. धाकटा एका डोळ्याने थोरल्याकडे बघत राहिला. मग त्याने पेला घेतला, मान मागे टाकली, थोरल्याने सवयीने त्या मानेखाली तळहात धरला, आणि सगळी खोली बघत असताना तो सावकाश, एकेक घोट, सगळं पाणी प्यायला.